सल्ला आणि संमती : ग्रामसभेच्या कायद्याचे एक वाचन

काही वर्षांपूर्वी प्रजासत्ताकदिनी शहापूर तालुक्यातील एका गावी जाण्याचा योग आम्हांला आला. झेंडावंदन आटोपले, शाळेच्या मुलांना गोळ्या वाटून झाल्या आणि समाजमंदिराच्या ओट्यावर ग्रामसभा भरली. ग्रामसेवकांनी विषयपत्रिका वाचली. पाड्यांवरून चालत आलेल्या बायका एका कडेला भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. प्रत्येक ठरावाला सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, हात वर झाले. शेवटी गावाच्या जमिनी संपादन करण्यास विरोध दर्शविणारा ठरावही एकमताने संमत झाला आणि टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबल्यावर त्या बायकांपैकी एकीने विचारले, "भाऊ, आम्ही हात वर केला. आता जमीन जायाची थांबंल का?" ग्रामसेवक सज्जन गृहस्थ होते. खोटे आश्वासन त्यांनी दिले नाही. ते एवढेच म्हणाले, "ताई, ठराव वर पाठवतो."

या 'वर' शब्दाने आमची पाठ तेव्हापासून सोडलेली नाही. ज्या सभेला कायद्याने गावाची सर्वोच्च सभा मानले, तिचाही वर कोणीतरी असतो, आणि तो वरचा माणूस त्या कागदाचे काय करतो हे हात वर करणाऱ्या बाईला कधी कळत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही एका कायद्याचे परीक्षण करणार आहोत. साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात कायद्याचे परीक्षण कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की कायदा हीही एक संहिताच असते. तिच्यातही शब्दांची निवड असते, गाळलेली वाक्ये असतात आणि बोलणाऱ्याचा हेतू क्रियापदांतून डोकावत असतो. कवितेतील एका शब्दाने अर्थ बदलतो हे आपण जाणतो. कायद्यातील एका शब्दाने शेत जाते.

अलीकडे सुशिक्षितांच्या बैठकींतून एक विचार वारंवार ऐकू येतो. पाच वर्षांतून एकदा मत देऊन गप्प बसण्यापेक्षा नागरिकांनाच थेट कायदे करण्याचा अधिकार असावा, त्यासाठी घटना नव्याने रचावी, असा तो विचार आहे. बोलणाऱ्यांच्या मनात बहुधा स्वित्झर्लंड असते. परंतु घटनेची अशी फेररचना आपल्या दारात, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात, कागदावर कधीच होऊन गेली आहे. ती वाचल्याशिवाय नवी घटना मागणे म्हणजे घरातले पुस्तक न उघडता ग्रंथालयात जाण्यासारखे आहे.

या संहितेला मोठा पूर्वेतिहास आहे. सातारा भागातील औंध या लहानशा संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आपली सत्ता आपणहून प्रजेकडे सोपवली. महात्मा गांधींच्या सल्ल्याने, राजपुत्र आप्पा पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने तयार झालेल्या त्या राज्यघटनेत गावाची पंचायत हा पाया होता. संस्थाने विलीन झाली आणि तो प्रयोगही संपला. घटना समितीत १९ डिसेंबर १९४६ रोजी जयपाल सिंह मुंडा यांनी सांगितले, की आदिवासींना लोकशाही शिकवण्याची भाषा करू नका, ती त्यांच्याकडूनच शिकावी लागेल. याउलट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी गावगाड्याची कठोर निर्भर्त्सना केली आणि मसुद्याने गावाला नव्हे तर व्यक्तीला घटक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. गावाच्या वेशीबाहेर ज्यांना पिढ्यान्पिढ्या ठेवले त्यांच्या वतीने ते बोलत होते. पुढे त्याच महिन्यात २२ तारखेला के. संथानम यांच्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींचा उल्लेख घटनेत आला खरा, परंतु तो न्यायालयाकडून अमलात आणता येत नाही अशा मार्गदर्शक तत्त्वांत, चाळिसाव्या अनुच्छेदात.

गावावर विश्वास ठेवणारे जयपाल सिंह आणि गावापासून व्यक्तीला वाचवू पाहणारे बाबासाहेब, या दोघांचे म्हणणे वाचकांनी लक्षात ठेवावे. आमच्या परीक्षणाच्या शेवटी या दोघांकडेच आपल्याला परत यायचे आहे.

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि 'ग्रामसभा' हा शब्द घटनेत प्रथमच व्याख्येसह आला. मतदारयादीतील प्रत्येक माणूस या सभेचा सदस्य. ती निवडून यावी लागत नाही, ती बरखास्त होत नाही. मात्र तिला अधिकार कोणते, हे घटनेने स्वतः सांगितले नाही. राज्याचे विधिमंडळ जे देईल ते. शिवाय पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रे या दुरुस्तीतून वगळली होती आणि तेथे ती कशी लागू करावी हे संसदेवर सोडले होते. दिलीपसिंह भूरिया यांच्या समितीने १९९५ मध्ये अहवाल दिला आणि २४ डिसेंबर १९९६ रोजी पंचायतींविषयीच्या तरतुदी अनुसूचित क्षेत्रांना लागू करणारा अधिनियम झाला. 'पेसा' या आद्याक्षरी नावाने तो आज खेड्यापाड्यांत ओळखला जातो.

प्रथम या संहितेचे गुण सांगितले पाहिजेत, कारण ते थोर आहेत. गाव म्हणजे काय, याची तिने केलेली व्याख्या पाहा. महसूल खात्याच्या नकाशावर गाव म्हणजे सर्व्हे नंबरांची बेरीज असते. पेसाने म्हटले, की एखादी वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जेथे एक समाज राहतो आणि आपल्या रूढीपरंपरांप्रमाणे आपला कारभार पाहतो, ते गाव. शहापूर-मुरबाडकडील भूगोल ज्यांनी पाहिला आहे त्यांना या वाक्याची किंमत कळेल. तेथे मूळ गाव रस्त्याला लागून असते आणि ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांचे पाडे ओढ्यापलीकडे, टेकडीच्या उताराला असतात. ग्रामसभा भरते ती रस्त्यालगतच्या गावात. पावसाळ्यात ओढा भरला, की पाड्याची लोकशाही ओढ्याअलीकडे येत नाही. पाड्यालाच गाव मानणारा कायदा करणाऱ्याने हे चित्र डोळ्यांपुढे ठेवले असले पाहिजे.

दुसरे थोर वाक्य असे, की आपल्या परंपरा, सांस्कृतिक ओळख, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे मिटविण्याची रूढ पद्धत यांचे रक्षण करण्यास प्रत्येक ग्रामसभा 'सक्षम' असेल. येथे कायदा क्षमता बहाल करीत नाही. ती आहेच हे मान्य करतो. पुढे ग्रामसभा विकासाच्या योजनांना 'मान्यता' देते, लाभार्थी निवडते आणि खर्च झालेल्या निधीच्या विनियोगाचे प्रमाणपत्र तिच्याकडूनच घ्यावे लागते. येथवर वाचताना वाटते, की औंधच्या राजाने ज्याचे स्वप्न पाहिले ते हेच.

आता क्रियापदांकडे वळू. योजनेला ग्रामसभा 'मान्यता' देते. गौण खनिजाच्या खाणीसाठी तिची 'शिफारस' आवश्यक ठरते. आणि जमीन संपादन करायची असेल तेव्हा तिचा 'सल्ला' घेतला जातो. पदार्थ जसजसा मौल्यवान होत जातो तसतसे क्रियापद दुबळे होत जाते. समाजमंदिराला रंग कोणता द्यावा हे गाव ठरवील; समाजमंदिराखालची जमीन जावी की राहावी याबद्दल त्याचे मत ऐकून घेतले जाईल. सल्ला मागणारा तो मानण्यास बांधील नसतो, हे न्यायालयात न जाताही आपल्याला घरच्या अनुभवाने ठाऊक आहे. मुलीचे लग्न ठरवून झाल्यावर वडीलधारी माणसे तिला विचारतात, त्या विचारण्यासारखे हे विचारणे आहे.

त्याच वाक्यात आणखी एक लहानसे अव्यय दडले आहे. सल्ला घ्यायचा तो 'ग्रामसभेचा किंवा योग्य स्तरावरील पंचायतीचा'. या 'किंवा'ने सारा घात केला. ग्रामसभा म्हणजे साक्षात लोक. पंचायत म्हणजे लोकांचे प्रतिनिधी. थेट लोकशाही आणि प्रातिनिधिक लोकशाही यांतील जो भेद दाखविण्यासाठी हा अधिनियम जन्माला आला, तोच भेद या दोन अक्षरी अव्ययाने पुसला. पाड्यावर जाऊन शंभर माणसांना विचारण्यापेक्षा तालुक्याच्या ठिकाणी दहा माणसांना विचारणे केव्हाही सोपे.

पुढे काळाचा मुद्दा. केंद्राचा कायदा १९९६ चा. महाराष्ट्राने ग्रामपंचायत अधिनियमात त्यानुसार भर घातली, परंतु तो अमलात आणण्याचे नियम मार्च २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे सतरा वर्षांहून अधिक काळ गेला. ज्या वर्षी कायदा झाला त्या वर्षी जन्मलेले मूल नियम होईपर्यंत ग्रामसभेत मत देण्याच्या वयाला येऊन ठेपले होते. या नियमांनी पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची वाट मोकळी केली, ही चांगली गोष्ट. पाड्याने ठराव करायचा आणि उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवायचा. येथेही शब्द तोच : पाठवायचा. वर.

आणि मग नकाशाचा मुद्दा. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार शहापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो. शेजारच्या मुरबाड तालुक्यातील मात्र ७७ गावे. आमच्या वसई तालुक्यातील ४५ गावेही त्याच आदेशात आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मुरबाडमध्ये या यादीतल्या आणि यादीबाहेरच्या गावांतून एकच डोंगर दिसतो, त्यांची माणसे म्हशाच्या एकाच यात्रेला जातात, एकमेकांत सोयरिकी करतात. पण यादीतल्या गावाची ग्रामसभा गौण वनोपजाची मालक, आणि यादीबाहेरच्या गावाची ग्रामसभा पंचायत अधिनियम जेवढे देईल तेवढ्याची धनी. थेट अधिकार हा नागरिकाचा हक्क असेल तर तो नकाशावरच्या रेघेने कसा थांबतो, याचे समाधानकारक उत्तर आम्हांला सापडले नाही.

संहितेची परीक्षा शेवटी तिच्या वापरात होते. शहापूर तालुका मुंबईला पाणी पाजतो. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण साठवणक्षमता १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर धरली जाते. त्यापैकी ७ लाख १७ हजार, म्हणजे जवळजवळ निम्मी, एकट्या भातसा धरणाची आहे. त्याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत पाड्यांवर टँकर जातात आणि बायका आटलेल्या विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. तानसा बांधला तेव्हा ग्रामसभा हा शब्दही कायद्यात नव्हता, हे खरे. मग ज्यांच्या काळात तो शब्द आला त्यांचे काय झाले?

मुरबाड तालुक्यातील काळू नदीवरील धरणाचा प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. मुंबई महानगर प्रदेशातील शहरांना पाणी देण्यासाठी हे धरण योजिले होते. जमिनीचा मोठा भाग वनाचा. वनजमीन अन्य कामासाठी वळवण्यापूर्वी वनहक्क कायद्याखाली ग्रामसभांची संमती घ्यावी, असे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ऑगस्ट २००९ मध्येच लेखी कळविले होते. बाधित गावांच्या ग्रामसभांनी धरणाविरुद्ध ठराव केले. तरीही वनविभागाची मंजुरी हाती येण्यापूर्वी २०११ मध्ये काम सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१२ मध्ये काम थांबले. काम थांबले याचा आनंद आहेच. परंतु ते ग्रामसभांच्या ठरावांनी थांबले नाही, न्यायालयाच्या आदेशाने थांबले, ही गोष्ट समीक्षकाने नोंदवली पाहिजे. ज्यांच्या मागे संघटना नाही, वकील नाही, त्या गावाचा ठराव दप्तरातच राहतो.

नंतर एक शुभ बदल झाला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने अनुसूचित क्षेत्रांसाठी 'सल्ला' हा शब्द बाजूला सारून 'पूर्वसंमती' हा शब्द आणला. 'किंवा' मात्र तेथेही राहिले. १९९६ पासूनची चूक सुधारली, असे वाटले. पण त्याच कायद्याने महामार्ग, रेल्वे, खाणी यांविषयीचे काही केंद्रीय कायदे परिशिष्टात घालून बाजूला ठेवले, आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने केलेल्या दुरुस्तीने राज्याचा महामार्ग अधिनियम, औद्योगिक विकास अधिनियम असे कायदे तशाच रीतीने वेगळे काढले. पूर्वसंमती पुढच्या दाराने आली आणि परिशिष्टाच्या खिडकीतून गेली. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो. २०१६-१७ मध्ये तेथील शेतकऱ्यांनी आंदोलने केली. काहींनी चांगला मोबदला घेतला, काहींनी नाइलाजाने सह्या केल्या. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्या रस्त्याने आम्हीही प्रवास केला आहे आणि तो सुरेख आहे, हे कबूल केले पाहिजे. आम्ही जे विचारतो ते एवढेच : 'नाही' म्हणण्याची सोयच नसेल तर 'हो' ला काय अर्थ?

थेट कायदा करणे आपल्या लोकांना जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी महाराष्ट्रातच एक सुंदर प्रतिउदाहरण आहे. गावातील वा वॉर्डातील दारूचे दुकान बंद करावयाचे असेल तर २००८ च्या आदेशानुसार एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के महिलांनी अर्ज करायचा. मग गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे : उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली, की दुकान बंद. या रचनेत घटनाकाराला शोभेल असे शहाणपण आहे. प्रश्न एकच आणि स्पष्ट आहे. निरक्षर बाईलाही मतपत्रिका वाचता येते. मत गुप्त असल्यामुळे नवऱ्याचा आणि दुकानदाराचा धाक चालत नाही. संख्येची अट कडक आहे. आणि निकाल 'वर' पाठवावा लागत नाही. तो निकालच असतो. बाटली आडवी करण्याचा अधिकार ज्या बाईला दिला, तिच्या नदीत धरण आडवे येते तेव्हा तिला नुसता सल्ला का विचारावा?

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने हेच दुसऱ्या मार्गाने सिद्ध केले. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर पोचली. तिच्यामागची शिस्त तेवढी पोचली नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या गावाने अभ्यासगट चालवले, निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करण्याची सवय लावली, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः दिले. ओडिशातील नियमगिरीच्या पायथ्याशी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०१३ मध्ये बारा गावसभा भरल्या आणि बाराही सभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. तो नकार मानला गेला. म्हणजे संमतीला संमती मानले, की कारभार कोसळत नाही.

येथवर आमचे वाचन ग्रामसभेच्या बाजूचे झाले. आता ज्या कारणाने हा लेख या त्रैमासिकासाठी लिहावासा वाटला, त्याकडे येतो. आमच्या धर्मग्रामातील काही वाचनप्रिय कुटुंबांशी या विषयावर बोलताना एका गृहस्थांनी शांतपणे विचारले, "गावाला कायदा करण्याचा अधिकार दिला आणि गावाने आपल्याविरुद्धच कायदा केला तर?" हा प्रश्न भित्रेपणाचा नाही. २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बस्तर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी हिंदूंखेरीज अन्य धर्मांचा प्रचार व प्रार्थना यांना गावात बंदी घालणारे ठराव केले. पुढे कांकेर जिल्ह्यातील काही गावांच्या वेशीवर पाद्री व धर्मांतरित ख्रिस्ती यांना प्रवेश नाही असे फलक ग्रामसभांच्या नावाने लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयाने, आमिषाने वा फसवणुकीने होणारे धर्मांतर रोखण्यासाठी लावलेले फलक घटनाविरोधी म्हणता येणार नाहीत, असे मत दिले आणि तक्रारदारांना पेसा नियमांखाली आधी ग्रामसभेकडे व नंतर उपविभागीय अधिकाऱ्याकडे दाद मागण्यास सांगितले. ज्या सभेने वेस बंद केली तिच्याच दारात जाऊन वेस उघडण्याची विनंती करायची, असा याचा अर्थ झाला.

ज्या स्वित्झर्लंडचे नाव आपण कौतुकाने घेतो तेथेही हेच घडले आहे. एक लाख सह्या अठरा महिन्यांत गोळा केल्या, की घटनादुरुस्तीवर तेथे देशभर मतदान घ्यावे लागते. हा फार मोठा अधिकार आहे. पण त्याच अधिकाराने नोव्हेंबर २००९ मध्ये ५७.५ टक्के मतदारांनी मशिदींना मिनार बांधण्यास घटनेतच बंदी घातली. संघराज्याच्या निवडणुकांत स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९७१ मध्ये, कारण द्यावा की नाही हे पुरुषांच्या मतदानावर अवलंबून होते. उघड्या मैदानात हात वर करून कायदे करणाऱ्या आपेनझेल इनररोडेन या लहानशा प्रांतातील पुरुषांनी तर १९९० च्या वसंतातही नकारच दिला. त्याच वर्षी न्यायालयाने तो मोडून काढला तेव्हा तेथील बाईला हात वर करता आला. बाबासाहेबांना गावाविषयी जी शंका होती ती येथे आल्प्सच्या कुशीतही खरी ठरते.

मग आम्ही थेट अधिकाराच्या विरुद्ध जावे काय? आमचे मत असे, की जाऊ नये. ज्यांच्या जमिनी जातात त्यांच्या हातून, आपल्याला भीती वाटते म्हणून, संमतीचा अधिकार काढून घेणे हा अन्याय होईल. वसई-विरारच्या नळाला येणारे सूर्या धरणाचे पाणीही कोणाच्या तरी शेताशेजारून येते, हे विसरून चालणार नाही. आणि वसईकरांना तर या गोष्टीची चव माहीत आहे. २००९ मध्ये महानगरपालिका झाली आणि अनेक गावांच्या ग्रामसभा संपल्या, तेव्हा गावे वगळावीत म्हणून आपल्या आयाबहिणी रस्त्यावर उतरल्या होत्या. आपल्याला विचारले नाही, हेच त्यांचे दुःख होते. तेच दुःख शहापूरच्या पाड्यावरच्या बाईचे आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या आपल्या परिपत्रकात सांगितलेले तत्त्व आपण जाणतो : जे धाकट्या समूहाला करता येते ते थोरल्याने त्याच्याकडून काढून घेऊ नये. त्या तत्त्वाची दुसरी बाजू अशी, की धाकटा समूह आपल्यातील दुर्बलाला चिरडू लागला तर थोरल्याने मध्ये पडलेच पाहिजे.

म्हणून घटनेची फेररचना व्हायचीच असेल तर ती पुढील तीन ठिकाणी व्हावी, असे आम्हांला वाटते. पहिली दुरुस्ती शब्दांची. जमीन, पाणी, जंगल आणि खनिज यांबाबत 'सल्ला' जाऊन 'पूर्वसंमती' यावी, 'किंवा' गाळावे आणि परिशिष्टांच्या पळवाटा बंद व्हाव्यात; ७७ गावांची रेघ पुसून हा अधिकार प्रत्येक ग्रामसभेला मिळावा. दुसरी दुरुस्ती रीतीची. मोठ्या प्रश्नांवर हात वर करण्याऐवजी आडव्या बाटलीसारखे गुप्त मतदान व्हावे, आधी महिलांची सभा भरावी, आणि सभा पाड्यावर व्हावी. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही, या सवलतीचा फायदा घेऊन चार माणसांनी गावाचे भवितव्य ठरवू नये. सरकारला ठराव अमान्य असेल तर त्याने ठरावीक मुदतीत लेखी कारणे द्यावीत आणि ती त्याच सभेपुढे वाचली जावीत. तिसरी दुरुस्ती मर्यादेची. एखाद्याची श्रद्धा, प्रार्थना, अन्न, विवाह, घर आणि दफनाची जागा हे विषय कोणत्याही सभेच्या विषयपत्रिकेवर येऊच नयेत, आणि आले तर पीडिताला त्या सभेकडे न जाता थेट न्यायालयात जाता यावे. जमिनीच्या बाबतीत गाव हा घटक असावा. विवेकाच्या बाबतीत व्यक्ती. जयपाल सिंह आणि बाबासाहेब यांच्यात निवड करण्याची गरज नाही. दोघांची क्षेत्रे वेगळी आहेत, आणि पेसाने ती कोठेही वेगळी केली नाहीत. या संहितेचा सर्वांत मोठा दोष आम्ही हाच मानतो. जेथे तिने ग्रामसभेला बळ द्यायचे तेथे ती कचरली, आणि जेथे तिने मर्यादा घालायची तेथे ती 'परंपरा' एवढा एकच शब्द लिहून मोकळी झाली.

यावर आक्षेप येईल, की प्रत्येक गावाची संमती मागत बसलो तर मुंबई तहानेने मरेल. आम्हांला तसे वाटत नाही. ज्याचा नकार मोजला जातो त्याच्याशी माणसे बोलायला बसतात. भातसाच्या काठच्या पाड्यांना संमतीचा अधिकार असता तर त्यांनी मुंबईला पाणी नाकारले असते, असे मानण्यास आधार नाही. पण जलवाहिनी जाताना आपल्या विहिरीलाही एक नळ द्या, एवढी अट त्यांनी नक्की घातली असती. ती अट घालण्याची ताकद नव्हती म्हणून आज टँकर जातो.

ती बाई आमच्या मनातून जात नाही. तिने विचारलेला प्रश्न घटनेतील सर्व अनुच्छेदांपेक्षा सोपा होता, आणि सज्जन ग्रामसेवकाचे उत्तर प्रामाणिक होते. सभा संपल्यावर ती उठली आणि लेकराला कडेवर घेऊन पाड्याच्या वाटेला लागली. समाजमंदिरात ग्रामसेवक नोंदवहीत एकमताने झालेला ठराव स्वच्छ अक्षरात उतरवीत होते. खाली सहीसाठी जागा होती. त्या ठरावाची एक प्रत वर जाणार होती. वरून कारण लिहिलेला एक कागद कधी खाली, त्याच ओट्यावर, त्याच बाईपुढे वाचायला येईल काय, हे आम्ही तेव्हा तिला विचारले नाही. आता वाटते, विचारायला हवे होते. निदान तो प्रश्न आपलाही आहे हे तिला कळले असते.